डिझेलला ठिणगी नाही, मग ते पेटतं कसं आणि पहाटे रुसतं कशाला?

निफाडजवळच्या एका द्राक्ष बागायतदार भावाने विचारलं आहे: "पाच वर्षं पेट्रोलची व्हॅन वापरली, या दिवाळीत जुनी डिझेल पिकअप घेतली. दुपारी एका सेल्फमध्ये सुरू होते. पण थंडी पडल्यापासून पहाटे पाचला निघायचं म्हटलं की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, मागून पांढरा धूर निघतो, आणि सुरू झालीच तर दहा मिनिटं खडखड करते. एक जण म्हणतो प्लग बदला. दुसरा म्हणतो डिझेलला प्लगच नसतो. तिसरा म्हणतो टाकीत दोन लिटर पेट्रोल घाला, लगेच पकडेल. खरं काय?"

भाऊ, तिसऱ्याचं मुळीच ऐकू नका. का ते पुढे सांगतो. पहिले दोघं अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

मी नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका पंप-नोझलच्या दुकानात काम शिकलो आणि आता बरीच वर्षं अंबडला माझं स्वतःचं गॅरेज आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाड, पिंपळगाव, दिंडोरी भागातून अगदी हीच तक्रार घेऊन गाड्या येतात. कुंदेवाडीला पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आली की दोन दिवसांत माझ्या दारात ओढून आणलेल्या दोन-तीन पिकअप उभ्या असतात. तुम्ही विचारलंय प्लगबद्दल, पण तुमची अडचण उष्णतेची आहे. पेट्रोल इंजिनात आग बाहेरून लावतात. डिझेल इंजिनात आग लागेल इतकी उष्णता आतच, दर फेरीला, नव्याने तयार करावी लागते. हा फरक एकदा डोक्यात बसला की पांढरा धूर, खडखड, बॅटरी उतरणं आणि पेट्रोल घालायचा सल्ला, सगळ्याचा अर्थ आपोआप लागतो.

तुमच्या जुन्या व्हॅनपासून सुरुवात करू. तिच्यात पेट्रोल आणि हवा आधीच एकमेकांत मिसळून सिलिंडरमध्ये यायची, वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पिस्टन वर येऊन ते मिश्रण नऊ-दहा पट दाबायचा. पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडायची. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून वीस-तीस हजारांवर नेते, म्हणून एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतून ती ठिणगी उडी मारते. तिथून ज्योत मिश्रणभर पसरते. म्हणजे आग कधी लागायची हे ठिणगी ठरवते. इंजिन थंड असो, सेल्फ हळू फिरो, ठिणगी जोरदार आहे आणि मिश्रण बरं आहे तर पेट्रोल पेटतंच. हल्लीच्या काही पेट्रोल गाड्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात, पण पेटवण्याचं काम तिथेही ठिणगीचंच.

डिझेलमध्ये पिस्टन खाली येताना आत येते ती नुसती हवा. इंधनाचा थेंब नाही. ती हवा पिस्टन पंधरा ते वीस पट दाबतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून जोरात दांडा दाबला की पंपाचं टोक गरम होतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. आग्नेय आशियात पूर्वी बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या एकदम दाबून कापसासारखं काहीतरी पेटवून विस्तव करत, कुठेही ठिणगी न पाडता. डिझेल इंजिन म्हणजे हीच करामत, मिनिटाला हजार-दोन हजार वेळा. दाबलेली हवा लाल झालेल्या लोखंडासारखी तापली की नोझलमधून डिझेलची बारीक फवार सुटते आणि त्या हवेत स्वतःहून पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबर्गला असं इंजिन चालवून दाखवलं. इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा त्याने कामाला लावली; त्या काळची वाफेची इंजिनं त्याच्या निम्म्यालाही कष्टाने पोचत.

तर डिझेलमध्ये आग कधी लागायची हे ठरतं इंधन कधी आत येतं यावरून, आणि ते आत आल्यावर हवा पुरेशी तापलेली आहे की नाही यावरून. म्हणूनच या इंजिनात पंप आणि नोझल यांना इतकं महत्त्व. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. मायको सर्कल ज्या कंपनीच्या नावाने ओळखलं जातं, तिच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टरच बनत आले आहेत, आणि या शहरातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो, माझ्याकडे नव्याने आलेल्या पोरांचाही होतो. "पेट्रोल तर किती भडकतं, काडी लांबून दाखवली तरी पेटतं. डिझेल काडीने पेटत नाही. मग ठिणगी पेट्रोलला कशाला, डिझेलला द्यायला हवी ना?" यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. पेट्रोलची वाफ फार लवकर होते, अगदी कडाक्याच्या थंडीतही, आणि ती वाफ ज्योत दिसली की भडकते. डिझेलची साध्या हवामानात इतकी वाफ होत नाही, म्हणून काडीला ते दाद देत नाही. पण ज्योत किंवा ठिणगी अजिबात न देता नुसतं तापवत नेलं तर चित्र उलटं होतं. डिझेल २१० ते २५० अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेतं, पेट्रोलला त्याहून जास्त तापावं लागतं. थोडक्यात, पेट्रोल दुसऱ्याच्या आगीने चटकन पेटतं आणि डिझेल नुसत्या उष्णतेने चटकन पेटतं. हे घरी करून बघू नका, सांगण्यापुरतंच सांगतोय.

इंधनाची प्रतही म्हणूनच दोन उलट्या मापांनी मोजतात. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा हे सांगतो की दाबलं-तापवलं तरी ठिणगीची वाट बघत किती दम धरेल. ठिणगीनंतर ज्योत पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दम सोडून स्वतःच पेटलं तर घाटात चढावर 'टिंग टिंग' आवाज येतो, तेच नॉकिंग. डिझेलचा सिटेन आकडा, आपल्याकडे किमान ५१, हे सांगतो की गरम हवेत गेल्यावर ते किती पटकन पेट घेईल. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

आता पेट्रोल घालायच्या सल्ल्याकडे या. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की ते मिश्रण स्वतःहून पेटायला जास्त वेळ घेतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल तर स्वतःहून पेटायला आणखीच नाखूश. म्हणजे ज्या गाडीला पेट घ्यायलाच उष्णता कमी पडतेय, तिला तुम्ही जास्त उष्णता मागणारं इंधन देणार. शिवाय डिझेलचा पंप आणि नोझल यांना वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोल ती चिकटाई धुऊन काढतं. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या पंपात सोळाशे-दोन हजार बारचा (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका) दाब तयार होतो, तिथे वंगणाशिवाय धातू धातूवर घासला की त्याचा कीस पार इंजेक्टरपर्यंत जातो. असा पंप मी उघडून पाहिलाय, आत चांदीसारखी चकाकती पूड. गाडीच्या मालकाचा हंगामाचा निम्मा पैसा त्यात गेला. आणि डिझेलच्या टाकीत पेट्रोलची वाफ भरली की ती टाकी पेट्रोलच्या टाकीइतकीच धोक्याची होते, हे वेगळंच.

तुमच्या पहाटेकडे येऊ. मी एक साधा हिशेब करतो, सिलिंडरच्या भिंतीत जाणारी थोडी उष्णता वजा धरून. दुपारची २५ अंशांची हवा १८ पट दाबली तर ती साधारण ५५० अंशांपर्यंत जाते. पहाटेची ५ अंशांची हवा तितकीच दाबली तर ४९० च्या आसपास. बाहेर २० अंशांचा फरक, आत तो ५५ अंशांचा झाला. आता समजा गाडी जुनी आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्ह थोडे गळतात, आणि हवा १८ ऐवजी १४ पटच दाबली जातेय. मग पहाटे ४३० अंशांपर्यंतच मजल जाते. त्यात बॅटरी थंडीने मंदावलेली, इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट, म्हणून सेल्फ रेंगाळत फिरतो. हळू दाबलेल्या हवेला भिंतीत उष्णता घालवायला आणि रिंगांच्या फटींतून निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून खरा आकडा आणखी खाली येतो.

तुम्ही म्हणाल, डिझेल २५० अंशांना पेटतं, मग ४०० पुरे नाहीत का? पुरतात, वेळ असेल तर. इंजिनात वेळ नसतो. फवार सुटल्यापासून पेट घेईपर्यंत जो क्षण जातो तो गरम इंजिनात सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. हवा जेमतेम तापलेली असेल तर तो लांबतो आणि तोवर पिस्टन खाली निघालेला असतो, हवा पसरून थंड व्हायला लागते. डिझेल अर्धवट वाफ होऊन तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तोच तुमचा पांढरा धूर. डोळ्यांना झोंबतो आणि कच्च्या डिझेलचा वास येतो, हो ना? तो धूर सांगतोय की इंधन पोचतंय, उष्णता पोचत नाही. वरून प्रत्येक फसलेल्या सेल्फमध्ये न जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुतं, त्यामुळे दाब आणखी गळतो. म्हणून दहाव्या सेल्फला गाडी पहिल्यापेक्षा जास्त हट्टी होते.

सुरू झाल्यानंतरची खडखडही याच लांबलेल्या क्षणाची. पेट घ्यायला उशीर झाला की तोवर बरंच डिझेल आत साठतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तो हातोड्यासारखा आवाज इंजिन तापेपर्यंत राहतो. नव्या गाड्यांत मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल सोडून आधीच थोडी आग करून ठेवतात, म्हणून त्या शांत वाटतात.

विहिरीवरचं हाताने चालू करायचं डिझेल इंजिन तुमच्या आजोबांच्या वेळी नक्की असेल. वरची कळ उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब होत नाही, म्हणून हॅन्डल हलकं फिरतं. चाकाने जोर घेतला की कळ सोडायची, आणि धाड धाड सुरू. बॅटरी नाही, वायर नाही, प्लग नाही. कळ आधी सोडली तर हॅन्डल अडकायचं, आणि जोर कमी पडला तर एक उसासा टाकून बंद पडायचं. त्या इंजिनाला हवा होता फक्त दाब आणि वेग. तुमच्या पिकअपलाही तेच हवंय. हाताचं काम आता सेल्फ करतो इतकंच. पावसात प्लगचं टोपण भिजून पेट्रोलची मोटरसायकल मिसफायर मारते आणि शेजारून जुना ट्रॅक्टर खुशाल जातो, तेही यामुळेच.

हाच गुण कधी अंगावरही येतो. काही वर्षांपूर्वी आडगावच्या बाजूने आलेला एक टेम्पो आमच्या दारात उभा असताना टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील फुटलं आणि इंजिनचं ऑइल हवेच्या पाइपातून आत ओढलं जायला लागलं. ड्रायव्हरने चावी काढली, डिझेल तुटलं, तरी इंजिन थांबेना, उलट आवाज चढतच गेला. दाबाने पेटणाऱ्या इंजिनाला ते ऑइलही इंधनच. ठिणगीवरचं इंजिन असतं तर चावी बंद करताच संपलं असतं. आम्ही एअर फिल्टरचा पाइप काढून तोंडावर जाड फळी दाबली, हवा तोडली, तेव्हा ते मेलं. कुणाच्या गाडीला असं झालं तर हात कधीही लावू नका, हात आत खेचला जातो.

आता प्लगचं. दुसऱ्याने सांगितलं डिझेलला प्लग नसतो. स्पार्क प्लग नसतो हे खरं. पण बऱ्याच डिझेल गाड्यांना हीटर प्लग असतो, ज्याला ग्लो प्लग म्हणतात. तो ठिणगी पाडत नाही. चावी फिरवली की काही सेकंदांत त्याचं टोक लालभडक होतं आणि त्या कोपऱ्यातल्या हवेला कमी पडणारी उष्णता देतो. डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेसारखं पिवळं चिन्ह येतं ते त्याचंच. चिन्ह विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा. पेट्रोलची सवय असलेली माणसं चावी एका झटक्यात पुढे नेतात. दुपारी ते खपतं, पहाटे नाही.

इथून पुढचं तुमच्या गाडीवर अवलंबून आहे. तुम्ही मॉडेल, साल आणि किलोमीटर लिहिलेले नाहीत. काही जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जातं. त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिथे हीटर प्लगशिवाय थंडीत गाडी पकडत नाही. थेट पिस्टनवर फवारणाऱ्या कित्येक ट्रॅक्टर-ट्रकांना तो नसतोही. तुमच्या गाडीला चिन्ह येतं का, ते आधी बघा.

येत असेल तर एकदा पहाटे चिन्ह विझू द्या, चावी मागे घ्या, पुन्हा पुढे नेऊन पुन्हा विझू द्या आणि मग सेल्फ मारा. यात लगेच फरक पडला तर एखाद-दुसरा हीटर प्लग गेलेला असण्याची दाट शक्यता. जुन्या १२ व्होल्टच्या प्लगची वायर काढून बॅटरीच्या प्लसपासून त्याच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला की पेटला तर प्लगची तार शाबूत, नाही पेटला तर तुटलेली. चारही प्लग मेलेले असतील तर रिले किंवा फ्यूज बघावा. नव्या गाडीत हे करू नका. तिथे कमी व्होल्टचे प्लग असतात, स्कॅनर लावावा.

प्लग ठीक निघाले तर बॅटरी. सेल्फ मारताना तिच्यावर मीटर लावून बघा. साडेनऊच्या खाली व्होल्ट जात असतील तर बॅटरी, तिची टोकं किंवा इंजिनची अर्थ वायर यापैकी काहीतरी कमजोर आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी पुष्कळ गाड्या नुसत्या हिरव्या बुरशीने खाल्लेल्या अर्थ वायरीमुळे रुसलेल्या निघाल्या. ऑइलही बघा, गरम हवेसाठीचं जाड ऑइल कुणी भरलं असेल तर सेल्फवर भार येतो.

एवढं करूनही पांढरा धूर तसाच राहिला तर दाब मोजावा लागेल. पेट्रोलचं गेज लावू देऊ नका, ते डिझेलच्या दाबाला टिकत नाही. चांगल्या डिझेल इंजिनात पंचवीस-तीस बार मिळतात, पेट्रोलच्या दुप्पट आणि वर. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच मागे असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगांचं काम आलं. धुराला डिझेलचा वास नसेल, गोडसर वाफ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हा सगळा हिशेब सोडा, हेड गॅस्केट बघा. आणि सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. फिल्टर तुंबलाय किंवा लाइनने हवा धरलीय. कुणी ईथरचा स्प्रे मारायला सांगेल. हीटर प्लगच्या गाडीत तो लाल टोकावर अवेळी भडकतो, पिस्टन फुटल्याचं मी पाहिलंय.

मॉडेल कळवलंत तर टायमिंगचं आणि नोझलचं पुढे सांगता येईल. आणि दोन लिटर पेट्रोल आधीच घातलं असेल, तर उद्या पहाटे चावीला हात लावू नका. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा, मगच सेल्फ मारा.